विसणाचे पाणी

मंगळवार, ता. २२ ऑक्टोबर १९१८. वडगाव.

काल मालूचा तेरावा झाला. पाहुणे सकाळी गेले. घरात आता मी, माझी लेक बाया आणि मामी. तापाच्या साथीमुळे शाळा बंद आहे. गेल्या साली हजेरीपटाची कोरी पाने उरली होती, ती शिवून ही वही केली. मला लिहिण्याची सवय नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही आणि ती कोणाशी बोलण्यासारखी नाही.

गोष्ट पाण्याची आहे.

शनिवारी, ता. ५ ला, सकाळी मालू म्हणाली, "आज मला जरा ऊन पाणी पायजे." ती बारा महिने आडाच्या गार पाण्याने अंघोळ करणारी. थंडीही पडलेली नव्हती. चुलीवर हंडा तापलेला होता, पण ती भिंतीला टेकून बसली ती उठेना. मी म्हणालो, मी काढतो पाणी. ती हसली. "तुमी? विसण घालाय येतंय व्हय तुमाला?" मी म्हणालो, त्यात काय यायचे आहे.

माझे वय चौतीस. आजवर माझे अंघोळीचे पाणी आधी आईने काढले, नंतर मालूने. मी न्हाणीत जाई तेव्हा घंगाळ भरलेलेच असे. त्या दिवशी मी घंगाळात आधी आडाचे गार पाणी ओतले. मग हंड्यातले ऊन पाणी तांब्याने हळूहळू, कडेकडेने सोडले, अंगावर उडू नये म्हणून. बोटे बुडवून पाहिली. बरोबर वाटले. बाया न्हाणीच्या दारात उभी राहून बघत होती. मालू आत गेली आणि मी शाळेत गेलो.

दुपारी आलो तर ती दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होती. मामींनी विचारले, "पाणी कुणी काढलं हिला?" मी म्हणालो, मी. त्या पुढे बोलल्या नाहीत.

बुधवारी ती गेली. बायका तिला शेवटची अंघोळ घालत होत्या तेव्हा मी अंगणात होतो. शेजारच्या चंपाबाई घंगाळात ऊन पाणी ओतू लागल्या. मामी म्हणाल्या, "तसं न्हवं गं. आदी गार, मग ऊन. आता उलटं घालायचं असतंय."

तो 'उलटं' शब्द डोक्यात बसला. दोन दिवसांनी तम्मण्णाला विचारले. तो पलीकडच्या घरचा, सूत रंगवतो, माझ्याबरोबर मराठी तिसरीपर्यंत होता. तो म्हणाला, "जित्या माणसाला आदी ऊन, मग त्यात गार. त्येला विसण म्हंत्यात. मेलेल्याला त्येच्या उलटं. येवढं बी ठावं न्हाय मास्तर तुला?"

म्हणजे मी तिला मेलेल्या माणसाचे पाणी काढून दिले होते.

मामी मालूची आई आणि माझ्या सख्ख्या मामाची बायको. सप्टेंबरअखेर निपाणीहून आल्या त्या वाटेतच ताप घेऊन. मालूने तीन दिवस त्यांचे केले, काढा दिला, छाती शेकली. त्या बऱ्या झाल्या. त्यांनीच सगळे पाहिले आहे. त्या माझ्याशी कामापुरते बोलतात.

डॉक्टर म्हणाला, साथ. साथ तर सगळ्या गल्लीला होती. मग मला का नाही झाली? मी तर त्या पाण्याने अंघोळ केली नव्हती.

बुधवार, ता. २३

गार पाण्यात ऊन घातले काय आणि उन्हात गार घातले काय, शेवटी पाणी एकच व्हायला पाहिजे. पाच अधिक तीन आणि तीन अधिक पाच. मी हेच मुलांना शिकवतो. मग बायका एवढा फरक का करतात?

आज तीन बोगणी घेतली. एकात ऊन, एकात गार, मधल्यात दोन्हीचे मिसळून. डावा हात उन्हात ठेवला, उजवा गारात. पन्नास मोजले. मग दोन्ही हात मधल्या बोगण्यात घातले. डावा हात सांगतो पाणी गार आहे. उजवा सांगतो ऊन आहे. बोगणे एकच.

बाया आली आणि तिनेही केले. "बाबा, माझं हात भांडाय लागल्यात," म्हणाली आणि हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मामी दारातून बघत होत्या. मी हात पुसले.

त्या दिवशी मी बोटे बुडवली ती ऊन पाण्याचा तांब्या धरलेल्या हाताची. तो हात तापलेला. त्याला जे बरोबर वाटले ते खरे तर जास्त ऊन असणार. म्हणजे पाणी तिला पोळले असेल? की ती गारठली असेल? कालपर्यंत एक शंका होती, आज दोन झाल्या.

शुक्रवार, ता. २५

रवळूचे पत्र आले. रवळू मामींचा मुलगा, निपाणीत तंबाखूच्या वखारीत मुकादम आहे. लिहितो की भाऊबीजेला गाडी घेऊन येतो, आईला आणि बायाला घेऊन जातो. पोरीला बाईमाणसाशिवाय कसे ठेवणार, आपण शाळेत जाणार, तिचे न्हाणेधुणे कोण बघणार.

मी पत्र मामींना वाचून दाखवले. न्हाणेधुणे या शब्दावर माझी जीभ अडली. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मग?" मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तसे. त्या म्हणाल्या, "मी काय म्हणू? लेक तुझी."

याचा अर्थ काय घ्यायचा ते कळले नाही. बाया पाच वर्षांची आहे. ती गेली तर या घरात मी आणि हंडा.

मामींचे एक चमत्कारिक आहे. मालू गेल्यापासून त्या रोज गार पाण्याने अंघोळ करतात. साठीच्या बाई, अजून खोकतात. मी दोनदा म्हणालो, हंडा तापला आहे. "मला गारच बरं," म्हणाल्या. आपली ताटली-तांब्याही वेगळा ठेवला आहे. निजतात सोप्यात, दाराशी. बाया मांडीवर बसायला गेली की पदर तोंडाला लावून तिला बाजूला सारतात. माझ्या घरचे ऊन पाणी नको, भांडे नको, हे मी समजू शकतो. पण बायाला नेणार आहेत आणि तिला जवळ घेत नाहीत, हे समजत नाही.

शनिवार, ता. २६

हेडमास्तर मारुतीरावांकडे गेलो. शाळेच्या कपाटातला थर्मामीटर मागितला. कशाला, म्हणाले. मी म्हणालो, पाण्याचा धडा नीट तयार करायचा आहे.

"शाळा बंद, निम्मा वर्ग अंथरुणात, आणि तुला धडा सुचतो?" मग माझ्याकडे बघून त्यांनी कुलूप काढले. "ने. पण फोडू नकोस. लढाई संपेपर्यंत दुसरा मिळायचा नाही." सोबत काचेची उभी बरणीही दिली, विज्ञानाच्या धड्यापुरती असते ती. दारापर्यंत आले. "परशराम, जेवतोस ना रे?" मी होय म्हणालो.

रविवार, ता. २७

मोजून पाहिले. मापी तांब्या एक, पाणी तेच, बोगणे तेच, प्रत्येक वेळी कोरडे करून.

आधी ऊन, मग गार, ढवळून: १०८ अंश फॅरेनहाइट.
आधी गार, मग ऊन, ढवळून: साडे १०९.

पुन्हा केले. पुन्हा जवळजवळ तेवढेच. पाच अधिक तीन आणि तीन अधिक पाच यांत दीड अंशाचा फरक आहे.

संध्याकाळी मारुतीरावांना सांगितले. ते म्हणाले, "साधी गोष्ट आहे. ऊन पाणी आधी घातलेस की ते गार येईपर्यंत उघड्यावर बसते. थोडी ऊब हवा घेते, थोडी भांडे घेते. शेवटी घातलेस तर वाचते."

"म्हणजे गारात ऊन घातले तर पाणी अधिक ऊन होते?"

"दीड अंश. त्याने काय होते?"

त्याने काय होते ते मलाही माहीत नाही. मालूला कमी ऊन मिळाले असे वाटत होते, आता हिशेबाने जास्त मिळाले असे दिसते. मला हलके वाटायला पाहिजे होते. वाटले नाही. मग बायका उलटे करू नका असे का म्हणतात? निष्कारण म्हणत असतील तर मामी त्या दिवशी गप्प का राहिल्या?

मंगळवार, ता. २९

तम्मण्णाकडे चिमूटभर निळा रंग मागितला.

"कशाला? गंध लावणार हैस?"

"पाण्यात टाकून बघायचे आहे."

"मास्तर, ह्यो जर्मनीचा रंग हाय. लढाई लागल्यापासनं डोळ्याला पडत न्हाय. पुडीत आता सा लुगड्यांपुरता उरलाय." तरीही त्याने नखावर बसेल एवढा दिला आणि बघायला स्वतः आला. त्याच्या घरातली दोन माणसे याच महिन्यात गेली, भाऊ आणि भावजय. तो त्याविषयी बोलत नाही, मीही नाही.

बरणीत अर्ध्यापर्यंत गार पाणी घेतले. ऊन पाण्यात रंग कालवला आणि मी त्या दिवशी सोडले तसे, कडेने, हळूहळू सोडले. निळे पाणी वरच राहिले. खाली स्वच्छ, वर निळे, मधे रेघ ओढल्यासारखी. थर्मामीटर वरच्या पाण्यात धरला तर ११८. खाली तळाशी उतरवून काचेतून वाचला तर ९०. कितीतरी वेळ ती रेघ हलली नाही.

मग उलटे केले. ऊन पाणी स्वच्छ, गार पाण्यात रंग, आणि गार वरून सोडले. ते धुरासारखे वेटोळे घेत खाली गेले आणि बघता बघता सगळी बरणी एकसारखी फिकी निळी झाली.

तम्मण्णा म्हणाला, "आमी कढईत सूत टाकायच्या आदी दांडक्यानं घुसळतो त्ये ह्येच्यासाटीच. न्हाय तर वरचं सूत गडद, खालचं फिकं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला काय झालं रं? रंग तर झ्याक दिसतोय."

बायकांचे खरे आहे. उन्हात गार घातले की पाणी आपोआप मिसळते. गारात ऊन घातले की ऊन वर तरंगते आणि बोटाला फसवते. मी वरचे पाणी तपासले. पहिले तांबे तिला ऊन मिळाले असतील आणि अंग भिजून झाल्यावर खालचे गार. ती आधीच भिंतीला टेकून बसली होती, न्हाणीत जाताना पंचा घेतला तेव्हा तिचा हात माझ्या हाताला चांगलाच ऊन लागला होता, आणि अशा बाईच्या अंगावर मी गार पाणी जाऊ दिले. तिने तक्रारही केली नाही.

मामी बरोबर आहेत. बायाचे न्हाणे माझ्यावर सोपवण्यासारखे नाही.

बुधवार, ता. ३०

काही केले नाही. बरणी धुतली. निळा डाग निघत नाही.

शनिवार, ता. २ नोव्हेंबर

मामींनी बायाचे कपडे धुऊन घडी घातले. पेटीत ठेवले नाहीत, पेटीवर ठेवले. मी विचारले, भरू का? "भर की," म्हणाल्या. मी भरले नाही, त्यांनीही भरले नाहीत.

तम्मण्णा बाहेरून हाक मारून गेला. "आक्का, उद्या पोरीला न्हाऊ घालणार न्हवं?" उद्या दिवाळीची पहिली अंघोळ. आमच्याकडे यंदा सण नाही. मामी म्हणाल्या, "पोरीला कसलं दुःख पाळायचं वरीसभर? तेल लावून न्हाऊ घाला तिला." माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परसू, पाणी तू काढ."

मी म्हणालो, मामी, तुम्हीच काढा. त्या म्हणाल्या, "मी पोरीपाशी जात न्हाय. तू काढ."

मला कळत नाही. ज्याला चुकीबद्दल बोलायचे असते तो पुन्हा तेच काम सांगतो का? की मी पुन्हा चुकतो का ते त्यांना बघायचे आहे? म्हणजे बायाला नेताना मनात काही राहणार नाही.

थर्मामीटर उशाशी ठेवला आहे.

रविवार, ता. ३

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो. त्याचा अर्थ नंतर लावीन.

पहाटे हंडा तापवला. बायाला तेल लावले, वाईट लावले, कानात गेले. घंगाळात आधी ऊन ओतले, मग गार. शिकलो तसे. थर्मामीटर बुडवला, बाहेर काढून चिमणीपाशी नेला, तेवढ्यात पारा उतरलेला. पुन्हा बुडवला. पुन्हा तेच. बाया पाटावर बसून कुडकुडत होती. "बाबा, ह्ये काय करताय?"

"पाणी बरोबर आहे का बघतो."

"असं न्हाय बघायचं." ती उठली, घंगाळाच्या काठावर पोट टेकले, हात पार कोपरापर्यंत आत घातला, तळाला लावला आणि गरगर फिरवला. "असं. आई असं ढवळायची. दर खेपेला."

मी म्हणालो, आई ढवळायची?

"व्हय. तुमी काडलं हुतं न्हवं पाणी, तवा बी ढवळलं. म्हणाली, वर ऊन हाय, खाली गार, तुज्या बाबाला काय येत न्हाय. आन् हसली." मग तिने तोंडावर हात ठेवला. मी विचारले, मग? "म्हणाली, त्यास्नी सांगू नगंस. हौसेनं काडलंय."

मी तिला अंघोळ घातली. किती तांबे घातले ते आठवत नाही. ती म्हणाली, "बाबा, संपलं की पाणी," तेव्हा थांबलो.

तिला पुसून बाहेर आणले तर मामी सोप्यात उभ्या होत्या. त्यांनी ऐकले होते. म्हणाल्या, "इतकं दिस तू पाणी मोजीत बसला हुतास, ते ह्येच्यासाटी?"

मी म्हणालो, तुम्ही त्या दिवशी विचारलेत, पाणी कुणी काढले म्हणून. आणि मग बोलला नाहीत.

त्या खाली बसल्या. "ती सोता पाणी काडाय उठू शकली न्हाय, म्हणून मी इचारलं. तवाच कळलं मला, हिला बी लागलं." खोकल्या, पदर तोंडाला लावला. "निपाणीत वखारीतल्या बायका पटापट पडाय लागल्या. मला भ्या वाटलं. म्हटलं, लेकीकडं जावं. ताप माझ्याच अंगात हुता, परसू. पोरीनं माझी छाती शेकली, माझं उष्टं काडलं. मी उठले आन् ती पडली. आता पोरीला लागू नगं म्हणून लांब ऱ्हाते."

मी म्हणालो, मामी, साथ सगळीकडेच होती.

"तू तोंड फिरवून बसलास. मला वाटलं तुला समदं ठावं हाय. मेव्हण्याला कागूद लिवून घालवतोस मला."

"मी पत्र लिहिले नाही. रवळूनेच लिहिले."

"मग तू न्हाय म्हनला न्हाईस."

हे खरे आहे. मी काहीच म्हणालो नव्हतो. त्याही काही म्हणाल्या नव्हत्या. बाया ओल्या केसांनी दोघांच्या मधे उभी होती. मामींच्या मांडीकडे बघत होती, पण गेली नाही. तिलाही आता सवय झाली आहे. मी तिला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी पदर तोंडाला धरलाच, पण दुसरा हात बायाच्या डोक्यावर ठेवला.

संध्याकाळ झाली आहे. मी अजून गोंधळलेला आहे. मामींनी सांगितले ते मी समजून घेतो आहे, पण पाणी बरोबर होते तरी मालू वाचली नाही, आणि पाणी चुकीचे असते तरी वाचली नसती, असे एकापुढे एक ठेवले की दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात. दीड अंशाचा फरक मी स्वतः पाहिलेला आहे. तो कुठे ठेवायचा?

मालू न्हाणीत हसली होती, एवढेच आज नवे.

मंगळवार, ता. ५

सकाळी मारुतीरावांना थर्मामीटर आणि बरणी परत केली. डाग पाहून म्हणाले, "असू दे. धडा झाला का तयार?" मी म्हणालो, पूर्ण नाही. शाळा पुढच्या सोमवारपासून उघडणार.

दुपारी रवळूची गाडी आली. त्याने बैल सोडले, पाणी प्यायला आणि पेटी कुठे आहे म्हणून विचारले. मामी माझ्याकडे बघत होत्या. या वेळी त्या आधी बोलणार नाहीत हे मला दिसत होते.

मी म्हणालो, "बाया इथेच राहील."

रवळू म्हणाला, "आन् तिचं कोण बघणार, भावजी?"

"मी बघीन. आणि मामी राहतील तर बरे होईल."

मला वाटले, मी फार हळू बोललो आणि कोणाला ऐकू गेले नाही. रवळू आईकडे वळला. "काय गं आई?"

मामी माझ्याकडे वळल्या. पदराने हात पुसले आणि मला म्हणाल्या, "हंड्यात ऊन पाणी हाय का रं, परसू? लई दिस झालं, अंग आंबलंय."

मी न्हाणीत गेलो आणि घंगाळ भरले. आधी कोणते ओतले ते आता आठवत नाही. हात मात्र कोपरापर्यंत आत घातला आणि तळापासून ढवळले.